किमतीवर चिकटवलेली चिठ्ठी

अठरा हजार रुपयांना मी एक कॉमिक विकत घेतले आणि सात महिने ते उघडलेच नाही, हे लिहितानाही संकोच वाटतो. पण ज्या रीतीने माझी फसवणूक झाली ती रीत अजून चालू आहे, हे मला गेल्या महिन्यात कळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशकाच्या कॉमिकमधले डेडपूल हे पात्र मला पहिल्यांदा भेटले ते मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मुखपृष्ठ फाटलेल्या एका संग्रहातून. भाडोत्री मारेकरी, जखम झाली तरी भरून येणारे शरीर, मुखवट्याखाली विद्रूप झालेला चेहरा आणि तोंडाला अजिबात लगाम नाही, असा हा माणूस. मारामारी ऐन रंगात आलेली असताना तो मध्येच वाचकाकडे वळून बोलू लागतो. या गोष्टीचे पाश्चात्त्य वाचकांना फार कौतुक आहे. पण ज्याने लहानपणी जत्रेत तमाशा पाहिला आहे, त्याला राजाच्या दरबारातून थेट प्रेक्षकांना टोमणा मारणारा सोंगाड्या आठवल्याशिवाय राहत नाही. मला तरी तो पहिल्या पानापासून ओळखीचा वाटला. १९९७ मध्ये जो केली या लेखकाने त्याची स्वतंत्र मालिका सुरू केली आणि तिथून हा वात्रटपणा खरा बहरला. त्या मालिकेचे संग्रह मी इतक्या वेळा वाचले आहेत की त्यांची पाने सुटी झाली आहेत.

वाचनाचा नाद संग्रहाच्या नादात कधी बदलतो ते कळत नाही. डेडपूल पहिल्यांदा दिसला तो ‘न्यू म्यूटंट्स’ या मालिकेच्या ९८व्या अंकात. त्या अंकावर फेब्रुवारी १९९१ असा महिना छापलेला आहे, किंमत १ डॉलर आहे, आणि रॉब लायफेल्ड व फेबियन निसिएझा ही पात्राच्या निर्मात्यांची नावे आहेत. त्या अंकात डेडपूल नायक नाहीच. केबल नावाच्या दणकट योद्ध्याला मारण्यासाठी टॉलिव्हर नावाच्या इसमाने त्याला पाठवलेले असते, तो अखंड बडबड करतो, मार खातो, आणि शेवटी त्याला बांधून पार्सल करून मालकाकडे परत पाठवले जाते. २०१६ मध्ये चित्रपट आला तेव्हा या अंकाला सर्वत्र मागणी वाढली आणि आज चांगल्या अवस्थेतली मूळ प्रत काही शे डॉलरना जाते. ती एक प्रत आपल्या कपाटात असावी, असे मला वाटू लागले.

विक्रेता मला समाजमाध्यमावरच्या एका खरेदी-विक्रीच्या गटात भेटला. त्याचे नाव देण्यात अर्थ नाही, कारण ते खरे नव्हते. सुरुवातीचे तीन-चार दिवस त्याने विक्रीचा विषयच काढला नाही. कोणत्या अंकापासून पिवळ्या चौकटीत डेडपूलच्या मनातले आवाज बोलू लागतात, मॅकगिनेसची चित्रे अधिक चांगली की मदुरेराची, अशा गप्पा तो मारत होता, आणि मध्ये मध्ये डेडपूलच्याच थाटात स्वतःवर विनोद करत होता. ज्याला हे सगळे इतक्या प्रेमाने ठाऊक आहे तो लबाड कसा असेल, असा मी नकळत हिशेब केला. आता वाटते, ज्याला हे सगळे ठाऊक नाही तो या बाबतीत मला फसवूच शकला नसता.

मग त्याने सांगितले की त्याचे काका १९९० च्या दशकात अमेरिकेत होते, त्यांचा खोका माळ्यावर सापडला आहे आणि त्यात ९८वा अंक आहे. मी पुरावा मागितला. त्याने एका कागदावर माझे नाव व त्या दिवशीची तारीख लिहून, तो अंकाशेजारी ठेवून छायाचित्र पाठवले. अशा छायाचित्राने अंक त्याच्या हातात आहे एवढेच सिद्ध होते. तो कोणता अंक आहे ते सिद्ध होत नाही, हा फरक त्या रात्री माझ्या ध्यानात आला नाही. आतल्या चार पानांची छायाचित्रेही आली. त्यांत कथेच्या पानांबरोबर त्या काळच्या जाहिरातीसुद्धा होत्या, आणि जाहिराती पाहून तर माझी खात्रीच पटली.

अंकाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे किंमत छापलेली असते तिथे, एक पिवळट चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर निळ्या शाईने ‘₹ १२०’ असे लिहिले होते. मी तिच्याबद्दल विचारले तेव्हा उत्तर आले, “सर, काकांनी इथल्या एका दुकानात विकायला ठेवला होता, तेव्हाची आहे. मी मुद्दामच काढली नाही. काढताना कव्हर सोललं तर ग्रेड जाईल.” ग्रेड म्हणजे अंकाच्या अवस्थेला तपासणीनंतर दिली जाणारी श्रेणी. हे उत्तर मला इतके पटले की मी त्याच्या काळजीपूर्वकपणाचे कौतुक केले. काका अमेरिकेत असताना अंक इथल्या दुकानात कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आणि रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह २०१० मध्ये आले, हे तर शाळकरी मुलालाही समजण्यासारखे होते.

बंगळूरचा एक गिऱ्हाईक वीस हजार द्यायला तयार आहे, पण “तुम्ही वाचणारे आहात म्हणून तुम्हालाच देतो” असे सांगून त्याने पाच हजार आगाऊ घेतले आणि कुरियरच्या पावतीचे छायाचित्र पाठवून उरलेले तेरा हजार घेतले. सगळे व्यवहार यूपीआयने झाले. अंक खरोखरच आला, ही या प्रकारातली सर्वांत चतुर गोष्ट आहे. दगड किंवा रद्दी आली असती तर मी त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला असता. अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून, चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलेला होता आणि सोबत चिठ्ठी होती: ग्रेडिंगला पाठवेपर्यंत पिशवी उघडू नये, हवा लागली की कागद पिवळा पडतो. मी आज्ञाधारकपणे तो कपाटात ठेवला. महिन्यातून एकदा बाहेर काढून बघत असे.

दिवाळीच्या सुट्टीत माझा चौदा वर्षांचा भाचा आला. मी त्याला अंक दाखवला, तर त्याने विचारले, “मामा, पण यात होतं काय? तू वाचलायस का?” मी कथा सांगू लागलो, पण मला आठवत होती ती संग्रहात वाचलेली कथा, हा अंक मी वाचलेलाच नव्हता. त्या प्रश्नाची मला लाज वाटली आणि मी पिशवी कापली. जुन्या वर्तमानपत्री कागदाला जो वास येतो तो आला नाही. पाने गुळगुळीत आणि पांढरी होती. भाचा पहिल्याच काही पानांत थांबला, तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, “मामा, इथे फॅक्सिमिली एडिशन लिहिलंय. आणि दोन हजार एकोणीस.” मग आम्ही केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देऊन कोपऱ्यातली चिठ्ठी हळूहळू सोडवली. कव्हर जराही सोलले नाही. खाली ३.९९ डॉलर असे छापलेले होते.

फॅक्सिमिली म्हणजे मूळ अंकाची, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसकट, प्रकाशकानेच काढलेली हुबेहूब पुनर्मुद्रित प्रत. त्यात प्रकाशकाची लबाडी काही नाही. तो आत तसे स्पष्ट छापतो, किंमतही आजची लावतो, आणि ज्याला फक्त वाचायचे आहे त्याच्यासाठी ही प्रत उत्तमच आहे. जाहिराती पाहून खात्री करून घेणे मात्र म्हणूनच निरर्थक आहे. असा अंक घेताना छापील किमतीचा कोपरा उघडा दिसलाच पाहिजे, आणि प्रकाशनाचा तपशील छापलेल्या तळाच्या ओळींचे वाचता येईल असे छायाचित्र मागितलेच पाहिजे. मला आलेल्या चार पानांत ते पान नव्हते. भिंगाखाली पाहिले असता मूळ छपाईत रंगांचे ठिपके सुटे व स्वच्छ दिसतात, असे जाणकार सांगतात. पण भिंगापर्यंत जाण्याची वेळ माझ्यावर आलीच नसती. डबीत बंद केलेला, ग्रेड दिलेला अंक कुणी देऊ केला तर डबीवरचा क्रमांक ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा, आणि तिथे छायाचित्र असल्यास ते समोरच्या प्रतीशी, अगदी कोपऱ्यातल्या सुरकुतीपर्यंत, जुळवून पाहावे. नुसता क्रमांक खरा असून भागत नाही, कारण क्रमांक कुणालाही नकलून घेता येतो.

तक्रार मी केली, पण सात महिन्यांनी. तोपर्यंत पैसे ज्या खात्यात गेले ते रिकामे झाले होते आणि फोन बंद होता. पोलीस ठाण्यात ज्यांनी तक्रार लिहून घेतली त्यांनी अंक उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “चित्रांच्या पुस्तकाचे अठरा हजार?” मी मूळ प्रतीची किंमत समजावू लागलो, मग मध्येच थांबलो. त्यांनी मात्र कुठलीही टाळाटाळ न करता सगळे नोंदवून घेतले. पैसे परत मिळालेले नाहीत.

अंक आता भाच्याकडे आहे आणि त्याने तो दोन मित्रांना वाचायला दिला आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका गटात, दुसऱ्याच नावाने, तोच ९८वा अंक विक्रीला आलेला दिसला. वरच्या कोपऱ्यात पिवळट चिठ्ठी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत ‘₹ १२०’ लिहिलेले होते. मी भाच्याच्या खात्यावरून निरोप पाठवला की चिठ्ठी काढून त्या कोपऱ्याचे छायाचित्र मिळेल का. दहा मिनिटांत उत्तर आले: “सर, काढली तर ग्रेड जाईल.” मी त्या संभाषणाची आणि जाहिरातीची छायाचित्रे काढून जुन्या तक्रारीला जोडली आहेत.