अवकाळीचे दोन दिवस, घरात तीन पोरं: कशात गुंतवाल?

आमच्याकडे हिवाळ्यातलं वादळ म्हणजे बर्फ नव्हे, अवकाळी. पश्चिमी झंझावात उत्तरेतून सरकतो, अरबी समुद्रावरून बाष्प येतं आणि ऐन कापूस वेचणीत आभाळ काळं होतं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्राला असंच गारांनी झोडपलं होतं. धुळ्याचा पारा थंडीत एरवीही १० अंशांखाली जातो; त्यात ओला वारा सुटला की पोरांना ओट्यावरसुद्धा सोडता येत नाही. मोठ्यांचा जीव शेतातल्या कापसात आणि घरात तीन पोरं, अकरा, सात आणि चार वर्षांची.

त्यांना गुंतवायचे चार-पाच प्रकार आम्ही करून बघितले. निवडताना मी तीन गोष्टी बघते: लाइट गेली तर चालतं का, धाकट्याला सामील होता येतं का, आणि माझे हात किती वेळ मोकळे राहतात.

हात मोकळे राहण्यात मोबाइल-टीव्हीला तोड नाही, खोटं कशाला बोलू. पण जोराचा पाऊस आला की डिशचं चित्र आधी अडकतं, मग जातं, आणि मागोमाग लाइटही जाते. उरतो मोबाइल. एका पडद्यावर तीन डोकी, मधे कोण बसणार यावरून पहिलं भांडण. शिवाय शेतात अडकलेल्या माणसाला फोन लावायचा तेव्हा बॅटरी ६ टक्के, हा अनुभव एकदा घेतला, पुरे झाला. लाइट असेपर्यंत तासभर द्या, त्यापुढे मोबाइल चार्जिंगलाच बरा.

कॅरम एरवी माझा आवडता. मात्र दमट हवेत बोर्ड ओल धरतो आणि पावडर कितीही टाकली तरी सोंगट्या जागच्या हलत नाहीत. उजेडही लागतो. चार वर्षांचा राणी मुठीत घेऊन पळतो ते वेगळंच. दोन मोठी मुलं असतील आणि इन्व्हर्टर असेल तर कॅरम घ्या, नाहीतर भिंतीलाच राहू द्या.

या सगळ्यांपेक्षा मला अष्टचंग सरस वाटतो. खडूने फरशीवर पाच बाय पाच घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. फुलीच्या घरात मार नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या: एकाच्या तुरी, एकाचे हरभरे, एकाची बटणं. कवड्या नसतील तर चार चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करा. चारही पांढरे पडले तर चंग, म्हणजे चार घरं. चारही काळे पडले तर अष्ट, म्हणजे आठ. दोन्हींवर पुन्हा डाव मिळतो. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

चिंचोके घासणं हाच मुळात अर्ध्या तासाचा उद्योग. खरबरीत दगडावर घासता घासता चिंचोका तापतो, आणि तापलेला चिंचोका गुपचूप भावाच्या हाताला लावायचा, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. मीही लावायचे. चार वर्षांच्याला खेळ कळत नाही, पण चिंचोके टाकायचं काम त्याच्याकडे दिलं की तो रुसत नाही. कंदिलाच्या उजेडातही डाव चालतो. खोट एकच: मारामारी. घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली गेली की सातवाली हमखास रडते. अशा वेळी सासूबाई सरकून बसतात, ‘मना डाव शे’ (माझा डाव आहे) म्हणतात आणि मुद्दाम हरतात.

स्वयंपाकघर हा दुसरा चांगला पर्याय, पण तिथे तुम्हाला सोबत बसावं लागतं. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा घरात असतातच. अर्ध्या सोलायला द्या, अर्ध्या मिठाच्या पाण्यात उकडा. भरताची वांगी एरवी अंगणात काड्यांवर भाजतो; पावसात गॅसवर भागवायचं. वांगी निवली की काळी सालं काढायचं काम अकरा वर्षांच्याकडे. हात काळे, नाक काळं, पण त्या अर्ध्या तासात संध्याकाळच्या जेवणाचं काम पुढे सरकतं. लसणाची पात निवडायला सातवाली चालते. विळी आणि गॅस मात्र तुमच्याकडेच.

गडगडाट सुरू झाला की या सगळ्यातलं लक्ष उडतं आणि धाकटा मांडीत येऊन बसतो. त्यासाठी वेगळा खेळ ठेवलाय. वीज चमकली की सगळ्यांनी मोठ्याने सेकंद मोजायचे, आवाज आला की थांबायचं. आवाजाला १ किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणून आकड्याला तिनाने भागायचं. भागाकार सातवालीचा. भीती पूर्ण जात नाही, पण ओरडायला कारण मिळतं. गारा थांबल्या, विजाही शांत झाल्या की एखादी मोठी गार वाटीत आणून सुरीने कापून दाखवा. आत कधी कधी कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. गारा पडताना आणायला पाठवू नका, डोकं फुटतं.

तर माझ्यासारखी लहान-मोठी मिसळ असेल आणि लाइटचा भरवसा नसेल, तर सकाळी शेंगा, दुपारी अष्टचंग. एकच मूल असेल तर अष्टचंगाला आजी किंवा आजोबा हवेतच, नाहीतर स्वयंपाकघर बरं. चिंचोके ऐनवेळी सापडत नाहीत. मार्चमध्ये चिंच फोडाल तेव्हा मूठभर बाजूला काढा आणि डब्यावर नाव लिहा. आमचे मागच्या वर्षी कुणीतरी भाजून खाल्ले.