थकीत पीककर्ज: १०१ चा दाखला की कर्जमुक्ती?

बँकेची थकबाकी वसूल व्हायला सरकार दोन तऱ्हेने हात देतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. कागदावर भक्कम. पण सातबाऱ्यावर बोजा असलेली जमीन लिलावात काढली, तर गावातला कोण बोली लावणार?

दुसरी तऱ्हा कर्जमुक्तीची. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत आधार प्रमाणीकरण झालं की सरकारचे पैसे थेट कर्जखात्यात जमा व्हायचे. बँक मोकळी, शेतकरी नव्या कर्जाला पात्र. मात्र व्याजासह थकबाकी दोन लाखांवर गेली की तो बाहेर! नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मिळायला २०२२ उजाडलं, हे मला अन्यायाचं वाटतं. तरी दुष्काळात बुडालेल्यासाठी मी कर्जमुक्तीच निवडेन. दाखला ऐपत असून टाळणाऱ्यांसाठी राखावा.