फर्ग्युसन टीईडी-20: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरात मी इंग्लंडमधील वॉरिकशायरमध्ये एक जुना राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर विकत घेतला, त्याची दुरुस्ती केली आणि तेव्हापासून तीन एकरांच्या कुरणावर गवत कापण्यासाठी व लाकडे ओढण्यासाठी तो नियमित वापरत आहे. ट्रॅक्टरविषयी माझी तक्रार नाही. मात्र आपल्या हाती नेमके कोणते मॉडेल आले आहे, हे ठरवण्यातच माझा निम्मा हिवाळा गेला.

1946 ते 1956 या काळात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात या मालिकेचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले आणि बाहेरून पाहता ते सारे एका साच्यातले, एकाच राखाडी रंगाचे आहेत. फरक कळतो तो पाटीवरील अक्षरांवरून. नुसते टीई-20 म्हणजे अमेरिकी कॉन्टिनेंटल इंजिन, टीईए म्हणजे स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन, टीईडी म्हणजे टीव्हीओवर, अर्थात रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालणारे, आणि टीईएफ म्हणजे डिझेल.

विकणाऱ्याने ट्रॅक्टर पेट्रोलचा असल्याचे सांगितले होते. पाटीवर मात्र टीईडी होते आणि क्रमांक 1952 चा होता. टीव्हीओचे इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर दुसऱ्या इंधनावर न्यावे लागते, म्हणून त्याची टाकी दोन कप्प्यांची असते, इंधनाच्या तोटीला तीन स्थिती असतात आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने इंधनाची वाफ करणारे वेगळे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांचा संच, असते. माझ्याकडे टाकी आणि तोटी टीईडीची, पण मॅनिफोल्ड साधे पेट्रोलचे होते. टीव्हीओ बाजारातून गेल्यावर असे बदल पुष्कळांनी केले, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही आणि मी पाटीवर विश्वास ठेवून 85 मिलिमीटरचा लायनर-पिस्टन संच, म्हणजे सिलिंडरचे अस्तर आणि त्यातला दट्ट्या, मागवला.

इंजिनाचे हेड उघडून कॅलिपर लावले तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 80 मिलिमीटर निघाला. स्टँडर्डचे सुरुवातीचे इंजिन 80 मिलिमीटर बोअरचे, सुमारे 1850 सीसीचे होते. नंतरचे 85 मिलिमीटरचे, 2088 सीसीचे. 1952 च्या सांगाड्यात 80 चे इंजिन याचा अर्थ एकच होता: कोणीतरी कधीतरी आधीच्या एखाद्या ट्रॅक्टरचे इंजिन काढून यात बसवले होते. संच परत गेला, टपालखर्च माझ्या माथी बसला. चूक माझीच होती. मोजण्यास पाच मिनिटेही लागली नसती.

एवढ्यावर हे संपले नाही. पहिल्या दोन महिन्यांत ट्रॅक्टर तासभर काम करून बंद पडे आणि थंड झाल्यावर निमूटपणे पुन्हा सुरू होई. मी कार्बोरेटर दोनदा साफ केला. दोष अखेर इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागात, सापडला: सुरुवातीच्या ट्रॅक्टरांची वीजव्यवस्था 6 व्होल्टची होती, नंतरच्यांची 12 व्होल्टची, आणि जुन्या इंजिनाबरोबर आलेली 6 व्होल्टची कॉइल 12 व्होल्टच्या बॅटरीवर जोडलेली असल्याने तापत होती. 12 व्होल्टची कॉइल बसवल्यापासून तो एकदाही अडलेला नाही.

वापरातील खोड्याही मॉडेलशीच निगडित आहेत. पीटीओचा, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या अवजाराला देणारा फिरता, दांडा सव्वा इंचाहूनही बारीक, 1⅛ इंचाचा आहे, तर आजची अवजारे 1⅜ इंचाची असल्यामुळे अडॅप्टर लागतो. क्लच दाबताच पीटीओ आणि हायड्रॉलिक लिफ्ट दोन्ही थांबतात. पण क्लच दाबलेला असतानाही गवत कापण्याच्या यंत्राचे फिरते पाते स्वतःच्या वेगाने ट्रॅक्टरला पुढे रेटते, आणि कुंपणाजवळ हा अनुभव मी एकदा घेतला आहे. म्हणून एकाच दिशेने जोर देणारे ओव्हररन कपलिंग बसवल्याशिवाय असे यंत्र जोडू नये. गियरचा दांडा विशिष्ट स्थितीत नेल्यावरच स्टार्टर फिरतो, ही सोय मात्र मला आजच्या यंत्रांहूनही शहाणी वाटते.

सांगलीकडे आमच्या शेतात मॅसी फर्ग्युसन 1035 आहे. त्याच घराण्यातला असल्याने थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे मागच्या तीन बिंदूंच्या जोडणीला, अवजार जोडताना येथे मला काहीच नव्याने शिकावे लागले नाही.

पाटी मी बदललेली नाही. टाकीचा पेट्रोलचा छोटा कप्पा आता रिकामा असतो, पेट्रोल मोठ्या कप्प्यात भरतो, आणि सुट्या भागांची मागणी नोंदवताना टीईडी हा शब्द फक्त टाकी आणि तोटीपुरता लिहितो.