ज्योत, थंड रंग की ऑरामाईन? छोट्या लॅबमधली टीबीची स्लाईड

भाचीने इंदूरच्या सुदामानगरात दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब घेतली. सामान लागायच्या आधीच फोन: "मावशी, बेडक्याच्या स्लाईडसाठी ती ज्योत नको गं. थंडा रंग लावला तर?" माझी अर्धी नोकरी या स्लाईडी रंगवण्यात गेली, म्हणून तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते. तिच्यासारख्या विचारात असलेल्यांना उपयोग होईल.

आधी जुनी, ज्योतीची रंगवण्याची पद्धत: झील-नील्सन. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये टीबीचा जंतू दाखवला आणि वर्षभरातच ही पद्धत आकाराला आली. अजून टिकून आहे. कार्बोल फुक्सिन या लाल रंगात फिनॉल ५ टक्के. स्लाईडखाली ज्योत फिरवायची, वाफ दिसली की थांबायचं, उकळू द्यायचं नाही. मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने रंग उतरवायचा आणि वरून मिथिलीन ब्लू हा निळा रंग. निळ्यावर लाल काड्या इतक्या स्वच्छ दिसतात की नवी मुलगीही पटकन ओळखते. पण धोके एका ओळीत उभे: स्पिरिटची ज्योत, फिनॉलची वाफ, ॲसिड. फिनॉल तर कपटी. कातडी आधी बधिर करतो, त्यामुळे भाजलंय हे उशिरा कळतं. एका लॅबमध्ये स्पिरिटचा पेटता बोळा चिमट्यातून निसटून सिंकमध्ये पडलेला मी पाहिलाय. सिंक रिकामं होतं, नशीब. (फुक्सिनने रंगलेली बोटं मात्र निरुपद्रवी दिसतात. रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतून, आलीस का, असं राजवाड्याजवळच्या काकू वर्षभर विचारायच्या.)

भाचीचा थंडा रंग म्हणजे किन्यूनची पद्धत, १९१५ ची. ज्योत खरंच जाते. पण ज्योतीचं काम, म्हणजे रंग जंतूत शिरवणं, करायला फुक्सिन आणि फिनॉल दोन्ही वाढवावे लागतात. १०० मिलिलिटर पाण्याला ८ ग्रॅम फिनॉल हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे आग टळली, पण विषारी बाटली अधिक तिखट झाली. शिवाय रंग थोडा फिका बसतो. इंदूरच्या जानेवारीत खोली गार पडली की जास्तच. "थंडा" ऐकून "सुरक्षित" समजू नका. जिथे ज्योत लावताच येत नाही तिथेच मी हा घेईन.

तिसरी ऑरामाईन, चमकणाऱ्या रंगाची. तापवणं नाही, फिनॉल ३ टक्के, रंग उतरवायला ०.५ टक्के ॲसिड अल्कोहोल, मग पोटॅशियम परमँगनेट. काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे-हिरवे चमकतात, आणि १०० ऐवजी २० किंवा ४० च्या लेन्सने दिसतात, त्यामुळे एका नजरेत मोठा भाग येतो आणि स्लाईड लवकर संपते. झील-नील्सनपेक्षा साधारण १० टक्के जास्त रुग्ण सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ही चमक बघायचा एलईडी सूक्ष्मदर्शक सुचवला तेव्हा एक कारण हेच होतं. शिवाय जुन्या पाऱ्याच्या दिव्याची कटकटही गेली. खोड अशी की कचराही चमकतो. शंका आली तर तीच स्लाईड झील-नील्सनने पुन्हा रंगवता येते. उलट करता येत नाही. उजेडात चमक उतरते, म्हणून त्याच दिवशी बघावी. ऑरामाईन हा कॅन्सरचा संशयित पदार्थ आहे हेही लक्षात ठेवावं, पण बेसिक फुक्सिनही त्याच पंक्तीत बसतो. हातमोजे दोन्हीकडे लागतातच.

आता निवड. दिवसाला दोन-तीन स्लाईड असतील तर महागडा सूक्ष्मदर्शक नुसता धूळ खाईल. झील-नील्सन ठेवा, फक्त स्पिरिटच्या बोळ्याऐवजी विजेची तापवणारी प्लेट आणि खिडकीला एक्झॉस्ट पंखा. रोज दहाच्या वर जात असतील तर ऑरामाईन, दुसरा विचार नको. आणि निदानाची पहिली तपासणी आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रं. स्लाईडचं मोठं काम उपचार चालू असताना जंतू किती उरले ते बघण्याचं. म्हणून आकडा फुगवून धरू नका.

भाचीला मात्र मी आधी स्मिअरबद्दल, म्हणजे काचेवर बेडका पसरवण्याबद्दल, झापलं. रंग कुठलाही घ्या, टीबीचा धोका बेडक्याची डबी उघडताना आणि स्मिअर पसरवताना. ओली स्लाईड ज्योतीवर धरली तर जंतू हवेत उडतात. आधी हवेवर पूर्ण वाळवायची, मग प्लेटवर.

सध्या तिने प्लेट आणि पंखा घेतलाय. दोन महिने स्लाईडी मोजणार, मग एलईडीच्या चौकशीला आम्ही दोघी दवा बाजारात जाऊ.