मोकळ्या कुत्र्यांच्या गावात छातीवरच्या कडीचा हार्नेस : आठ महिन्यांचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कुत्रे दोरीला बांधून फिरवण्याची पद्धत नाही. कुत्रे सकाळी मालकामागे वावरात जाते, दुपारी बंडीखाली झोपते आणि संध्याकाळी भाकरीच्या वेळेला आपले आपण घरी येते. त्यामुळे फेब्रुवारीत मी माझ्या कुत्रीला, भुरीला, नवा हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीवरून बांधायचा पट्ट्यांचा साज, चढवून पहिल्यांदा पारासमोरून नेले, तेव्हा तिथे बसलेल्या एका आजोबांनी विचारले, "काहो मॅडम, या कुत्रीले बंडीले जुपता का काय?" सगळे हसले, मीही हसले, पण आजोबांचा प्रश्न विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा मुद्द्याच्या जवळ होता. टांग्याचा घोडा छातीच्या पट्ट्यावर भार घेऊन ओढतो, आणि दोरीची कडी पाठीवर असलेला हार्नेस कुत्र्याला नेमकी तीच सोय करून देतो. कडी पुढे, छातीवर असेल तर मात्र कुत्र्याने जोर लावताच त्याचा पुढचा भाग बाजूला वळतो आणि जोर वाया जातो. मी घेतलेल्या हार्नेसला दोन्ही कड्या आहेत. हा अभिप्राय मुख्यतः पुढच्या कडीबद्दल आहे.

वस्तू अशी आहे : नायलॉनच्या रुंद पट्ट्या, आतून जाळीदार मऊ अस्तर, चार प्लास्टिकचे चाप, दोन धातूच्या कड्या, अंधारात चमकणारी शिलाई आणि सोबत सव्वा मीटरची दोरी. मध्यम मापासाठी मी १,१५० रुपये दिले. समोरून पाहिल्यास पट्ट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या छातीच्या हाडावर येऊन मिळतात, त्यामुळे पुढच्या पायांचे खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवी एकच पट्टी जाणारे स्वस्त हार्नेस मिळतात, ते खांद्यावर अडतात आणि कुत्रे पाय आखडून चालते. ते घेऊ नयेत. खोक्यावर "पहिल्याच दिवसापासून ओढणे बंद" असे छापलेले होते. ते खरे नाही, पण त्याकडे नंतर येते.

भुरी मला दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात सापडली. चार-पाच महिन्यांची असेल. डावा कान फाटलेला, मांडीवर दातांच्या खुणा, आणि भोवती तिथलीच मोठी कुत्री. घरी आल्यावर ती शेळ्यांत रमली, शाळेतली पोरे तिच्या अंगावर लोळू लागली. पण रस्त्यावर पन्नास-साठ पावलांवर दुसरे कुत्रे दिसले की ती दोन पायांवर उभी राहून घशाच्या शिरा ताणून भुंकायची. गावात याला "माजली" म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी "पिसाळली" म्हणतात. हा दुसरा शब्द धोकादायक आहे, कारण पिसाळलेल्या कुत्र्याचे गावात काय होते हे सांगायला नको. भुरीला रेबीजची लस दरवर्षी टोचली जाते आणि तिचे भुंकणे हा रोग नव्हे, भीती आहे. लहानपणी कुत्र्यांनी फाडलेल्या जनावराला कुत्रे दिसले की पळावेसे वाटते. दोरीमुळे पळता येत नाही. मग उरतो तो आरडाओरडा करून समोरच्याला पळवण्याचा मार्ग. समोरचे कुत्रे बहुतेक वेळा आपल्या वाटेने निघूनच जाते, आणि भुरीच्या हिशेबी तिचा उपाय लागू पडलेला असतो.

आधी मी गळपट्टा वापरत होते आणि तिने झेप घेतली की मागे हिसका देत होते. कुत्रे दिसले की गळा दाबला जातो, एवढेच ती त्यातून शिकली. म्हणजे भीतीच्या जोडीला दुखणे मीच दिले. एप्रिलमध्ये कोणी मला गळ्याला टोचणारे आकडे असलेला धातूचा गळपट्टा सुचवला होता. त्याने भुंकणे दबते, भीती दबत नाही, आणि न भुंकता चावणारे कुत्रे हे भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा कितीतरी अवघड प्रकरण आहे.

हार्नेसचा पहिला खरा उपयोग पांदणीत दिसला. दोन्ही बाजूंना वावरे, मध्ये बंडी जाईल एवढी वाट, आणि वळणावरून गायकी आपली ढोरे घेऊन दोन कुत्र्यांसह समोर आला. अंतर चाळीस पावलांचे असेल. भुरीचे तोंड मिटले, कान पुढे आले, शेपूट ताठ झाली आणि शरीराचा सगळा भार पुढच्या पंजांवर गेला. ही चार चिन्हे दिसल्यानंतर झेप यायला दोन-तीन सेकंद लागतात, हे मला आता पाठ आहे. मी दोरी हळूच बाजूला घेऊन उलट दिशेला चालू लागले. पुढच्या कडीमुळे तिची छाती माझ्याकडे वळली, छातीबरोबर डोके वळले, आणि डोके वळले की नजर तुटते. गळपट्ट्याने मान वळायची पण नजर समोरच्या कुत्र्यावर खिळलेलीच राहायची. आम्ही पळाटीच्या ढिगाआड गेलो, तिला उकडलेल्या कलेजीचे तुकडे एकामागून एक दिले, आणि गायकीने न सांगता हाक दिली, "थांबा मॅडम, मी माह्या कुत्र्याइले इकडे बलावतो." एवढेच. त्या दिवशी भुंकणे झाले नाही. या वस्तूची किंमत माझ्या लेखी त्या दोन सेकंदांची आहे.

बाकीचे काम हार्नेस करत नाही, ते अंतर करते. कुत्रे दिसते आहे पण भुरी अजून खाऊ शकते, माझी हाक ऐकू शकते, अशा अंतरावर थांबायचे. तिने कुत्र्याकडे पाहिले की लगेच कलेजी, कुत्रे नजरेआड झाले की कलेजी बंद. क्रम महत्त्वाचा आहे : आधी कुत्रे, मग खाणे. खाऊ दाखवून तिला कुत्र्याच्या जवळ नेले तर उलटेच होते आणि तिला खाऊचाच संशय येऊ लागतो. मार्चमध्ये मी ही चूक आठवडाभर केली. तुकडा हातात असूनही ती घेत नसेल तर आपण फार जवळ आलो आहोत, हे माझे सगळ्यात भरवशाचे माप आहे. पाच-सहा दिवस सलग चांगले गेले आणि एका सकाळी लागोपाठ तीन कुत्री भेटली, तर तिसऱ्याला ती फुटतेच. अशा दिवसानंतर मी तिला दोन दिवस बाहेर न नेता अंगणातच खेळवते.

आता मोठी अडचण. फिरण्याच्या ज्या रीती सांगितल्या जातात त्या बहुतेक समोरचे कुत्रेही दोरीला आहे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे असे धरून चालतात. आमच्याकडे समोरचे कुत्रे मोकळे असते, गल्ली त्याची असते आणि ते चौकशीला येतेच. अशा कुत्र्याला हाकलायला आपण सारेच दगड उचलल्यासारखे वाकतो. दगड नसला तरी चालते, वाकणे पाहूनच गावचे कुत्रे पळते. ही युक्ती भुरीबरोबर चालत नाही, कारण ती स्वतः त्याच शाळेत शिकली आहे. मी वाकले की समोरचे कुत्रे पळण्याआधी भुरी जमिनीला पोट लावून थरथरते. म्हणून मी दुसऱ्या खिशात ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ठेवते आणि येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडासमोर मूठभर फेकते. ते हुंगून वेचेपर्यंत आम्ही वळून निघून जातो. गावातली काही कुत्री आता भाकरीच्या आशेने आमची वाट पाहतात, हा या उपायाचा तोटा आहे आणि त्यावर मला उत्तर सापडलेले नाही.

मोकळे कुत्रे अंगाशी आलेच तर सव्वा मीटरची दोरी निरुपयोगी ठरते. ती ताणलेलीच राहते, आणि ताणलेली दोरी भुरीला धोक्याची सूचना वाटते. सोबत आलेली दोरी मी पंधरा दिवसांत खुंटीला टांगली आणि आठवडी बाजारातून बैलाचा सुती कासरा आणून त्याला चापाची कडी बांधली. जवळपास चार मीटर भरतो. नायलॉनची दोरी हातातून सरकली तर तळवा सोलते, सुती कासरा सोलत नाही, आणि त्याला गाठी मारल्या की पकड मिळते. कंपनीने हार्नेससोबत दोरी दिली नसती आणि शंभर रुपये कमी घेतले असते तर बरे झाले असते.

मुख्य दोष मात्र मापाचा आहे. मापाच्या तक्त्यात छातीचा घेर पाहून माप निवडायला सांगितले आहे, आणि ते भरलेल्या अंगाच्या विदेशी कुत्र्यांसाठी ठीक आहे. देशी कुत्र्याची छाती खोल, कंबर बारीक आणि मान सडपातळ असते. भुरीचे वजन सोळा किलो, छातीचा घेर अठ्ठावन्न सेंटिमीटर. तक्त्याप्रमाणे मध्यम माप आले, छातीला बसले आणि मानेला सैल राहिले. अकराव्या दिवशी पिठाच्या गिरणीसमोर दोन कुत्री एकदम आली, भुरी पुढे झेपावण्याऐवजी मागे सरकली, कोपरे जवळ घेतली आणि मोजे काढावेत तशी हार्नेसमधून बाहेर आली. माझ्या हातात रिकामा हार्नेस होता. ती घराकडे पळाली म्हणून निभावले. त्याच गडबडीत तिला अडवायला मी पाय पुढे केला आणि तिचा दात माझ्या पोटरीवर ओरखडून गेला. भडकलेले कुत्रे समोर सापडेल ते धरते, त्यात मालकावरचा राग नसतो. म्हणून अशा वेळी हातपाय मध्ये घालू नयेत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि कुत्री घरची, लसीकरण झालेली असूनही दवाखान्यात जाऊन इंजेक्शने घेतली. यात "आपलीच तर आहे" असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये.

त्यानंतर बाजारातल्या मोच्याकडून वीतभर निवारीची जोडपट्टी शिवून घेतली, जी हार्नेसची पुढची कडी आणि गळपट्ट्याची कडी यांना जोडते. हार्नेस निसटला तरी कुत्रे गळपट्ट्यावर राहते. त्याने चाळीस रुपये घेतले आणि शिलाई मूळ हार्नेसपेक्षा मजबूत आहे. गावातून घेतलेल्या, घाबरट कुत्र्यासाठी ही जोडपट्टी नसेल तर हा हार्नेस वापरू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. विक्रेत्याने ती सोबत द्यायला हवी होती.

हवामानाचेही सांगायला हवे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काळे अस्तर उन्हात तापते, म्हणून आम्ही पहाटे पाचला निघून सूर्य वर येण्याआधी परत येत होतो. त्या वेळी कुत्रीही कमी भेटतात आणि लोडशेडिंगच्या अंधारात चमकणाऱ्या शिलाईमुळे मोटारसायकलवाल्यांना भुरी दिसते. ती शिलाई अजून चांगली चमकते. पावसाळ्यात मात्र हार्नेसची परीक्षा झाली. काळी माती चापांत जाऊन बसते आणि चाप "टक्" असा आवाज न करता अर्धवटच लागतो. दोनदा तो चालताना सुटला. आता चाप लावल्यावर ओढून पाहिल्याशिवाय मी अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. अस्तर भिजले की दोन दिवस वाळत नाही, काखेत कातडी लाल होते, जाळीत कुसळे आणि गोखरू अडकतात, आणि पट्टीखाली गोचीड दडून बसतात. घरी आल्यावर हार्नेस काढून काखा आणि छाती बोटांनी चाचपणे, हा आमचा रोजचा शेवटचा कार्यक्रम असतो. कड्यांना गंज चढलेला नाही.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला भाद्रपद लागतो, आणि भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल मराठीत जे बोलले जाते ते सगळे गल्लीत प्रत्यक्ष दिसू लागते. सात-आठ कुत्र्यांचा घोळका, त्यात भांडणे, आणि एरवी शांत असणारी कुत्रीही अंगावर येणारी. भुरीची नसबंदी झालेली असली तरी त्या घोळक्यापुढे कोणताही हार्नेस, कोणतीही कलेजी चालत नाही. तो महिना मी गावातून फिरणे बंदच ठेवले आणि धुऱ्याधुऱ्याने, तुरीच्या ओळींच्या कडेने तिला नेले. कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पंचायतींवरही टाकली आहे. ते आमच्या गावात घडेल तेव्हा माझा कलेजीचा खर्च निम्म्यावर येईल.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी की, जे अंतर साठ पावले होते ते ओळखीच्या कुत्र्यांसाठी वीस-पंचवीस पावलांवर आले आहे आणि अनोळखी कुत्र्यांसाठी अजून चाळीसच आहे. पारासमोरून आम्ही शांतपणे जातो. गिरणीसमोरून अजून जात नाही, वळसा घालतो. ओढणे पहिल्या दिवशी बंद झाले नाही, दुसऱ्या महिन्यात निम्मे झाले. पाचपैकी साडेतीन तारे देते : एक मानेच्या सैलपणासाठी कापला, अर्धा पावसाळ्यातल्या अस्तरासाठी. मानेचा आणि छातीचा घेर दोन्ही शिंप्याच्या फितीने मोजून, शंका आल्यास लहान माप घ्यावे.

पहिल्या हार्नेसचे माप बदलून हवे होते, तेव्हा "आपल्या पिनकोडवरून परत नेण्याची सोय नाही" असे उत्तर मिळाले होते, आणि मुळात तो आणायलाही मला तालुक्याला जावे लागले होते. पावसाळ्यासाठी एक वाळत असताना दुसरा हवा म्हणून याच हार्नेसचे लहान माप आता मागवते आहे. पत्ता मात्र या वेळी वर्ध्याला राहणाऱ्या बहिणीचा दिला आहे.