चांदीचा डॉलर घ्यायचाय? आधी काटा काढा

न्यू जर्सीतल्या एका फ्ली मार्केटमध्ये मी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरचा मुखवटा असलेला मोठा डॉलर ‘चांदीचा’ म्हणून घेतला. साल १९७८, आणि सालाच्या वर, मानेखाली बारीकसा ‘एस’. घरी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर ठेवला, तर २३ ग्रॅम. तांबं-निकेल! चांदीचा असता तर काट्याने २५ दाखवले असते. ‘एस’ म्हणजे फक्त सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, हे मला दहा डॉलर घालवून कळलं.

घेणाऱ्यासमोर खरी लढत दोघांचीच आहे: चांदीचा आयसेनहॉवर, म्हणजे ‘आइक’, आणि सिल्व्हर ईगल, म्हणजे अमेरिकी टांकसाळीचं शुद्ध चांदीचं नाणं.

ईगल १९८६ पासून निघतो. त्याच्यावर १ डॉलर लिहिलेलं असलं तरी आत १ ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९.९ टक्के शुद्ध चांदी असते; आपल्या हिशेबात पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी. चांदीचा भाव माहीत असला की नाण्याची किंमत कळते, आणि विकतानाही अमेरिकेतला कुठलाही नाण्यांचा दुकानदार हुज्जत न घालता घेतो. साध्या ईगलला संग्राहकाचं मोल जवळजवळ नाही, कारण ते ढिगाने निघतात. १९९५ चा वेस्ट पॉइंट टांकसाळीचा प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं नाणं) मात्र हजारो डॉलरला जातो; तो निघालाच ३०,१२५. नकली ईगल भरपूर फिरतात, म्हणून वजन तपासाच आणि व्यासही: ४०.६ मिमी.

आइकमध्ये चांदी ४० टक्के. २४.६ ग्रॅमच्या नाण्यात शुद्ध चांदी ९.८ ग्रॅम, तीन आइक मिळूनही एका ईगलची बरोबरी होत नाही. हे चांदीवाले नाणे संग्राहकांसाठीच काढले: १९७१ ते १९७४, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे १९७६ चे. पहिल्या चार वर्षांतले साधे निळ्या पाकिटात ३ डॉलरला आणि प्रूफ तपकिरी डबीत १० डॉलरला मिळायचे, म्हणून बाजारात आजही ‘ब्लू आइक’ आणि ‘ब्राउन आइक’ असंच म्हणतात. पण १९७३ पासून ‘एस’चे तांबं-निकेलचे प्रूफही निघाले, मी फसलो तो तिथेच. कड पाहा: तांबूस रेघ ठळक दिसली तर चांदी नाही.

बहुतेक ब्लू आइकना आत असलेल्या चांदीपेक्षा फार जास्त मिळत नाही. ब्राउनमध्ये १९७१ चे चाळीस लाखांहून जास्त, तर १९७३ चे जेमतेम दहा लाख. घ्यायचाच तर मी १९७३ चा घेईन. गंमत म्हणजे १९७२ चा फिलाडेल्फिया टांकसाळीचा ‘टाइप २’ (मागच्या बाजूच्या नक्षीचा एक वेगळा प्रकार), ज्यात चांदीचा कणही नाही, कोऱ्या अवस्थेत चांदीवाल्यांना मागे टाकतो.

बाकीचे डॉलर म्हणाल तर सुसान अँथनी (१९७९–८१ आणि १९९९), २००० पासूनचा सोनेरी सॅकाजाविया आणि २००७ पासूनचे राष्ट्राध्यक्षांचे डॉलर यांत ना चांदी, ना सोनं. सोनेरी रंग मँगेनीज मिसळलेल्या पितळेचा. दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊ नका. अपवाद चीरिओज या नाश्त्याच्या सीरिअलच्या खोक्यातून वाटलेल्या ५,५०० सॅकाजावियांपैकी काहींचा, ज्यांत गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त रेखीव आहेत, आणि २००७ च्या कडेवर मजकूरच न उठलेल्या वॉशिंग्टनच्या डॉलरचा.

माझं मत विचाराल तर पैसा चांदीत गुंतवायचा असेल तर साधा ईगल, आणि जुन्या पाकिटात बंद नाणं हाताळण्याची हौस असेल तर आइक. भारतात नेऊन सराफाला विकायचा बेत असेल तर आइक नकोच, तिथे तो मोडीतच जाणार.

आणि काळपट पडला तरी घासू नका. आईने माझा एक ब्लू आइक प्लास्टिकमधून काढून चिंच-मिठाने लख्ख केला होता. दुकानदाराने भिंगातून ओरखडे पाहिले, नाणं काट्यावर ठेवलं आणि वजनाचाच भाव सांगितला.