ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा टीएम-पी: भरायला सोपा, चुकायला त्याहून सोपा

कंपनीने आरओसीकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, नाव बदललं, नवं प्रमाणपत्र हातात आलं, पाटी आणि लेटरहेडही बदललं. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत मात्र जुनंच नाव. ही दोन दप्तरं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे नोंदणी झालेल्या चिन्हाचा तपशील बदलायचा तर रजिस्ट्रीच्या ई-फाइलिंगवर टीएम-पी हा फॉर्म वेगळा भरावा लागतो. चिन्हाचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर टीएम-पी नाही, टीएम-एम. पाच चिन्हांपैकी दोन प्रलंबित असलेल्या कंपन्या नेमक्या इथेच घसरतात.

आधी चांगलं सांगू. ट्रेडमार्कच्या २०१७ च्या नियमांनी जुन्या ७४ फॉर्मचे ८ केले. क्लास ३ ची डिजिटल सही असेल तर रजिस्ट्रीच्या मुंबई कार्यालयात, अँटॉप हिलला, खेप घालावी लागत नाही, आणि ऑनलाइन शुल्क कागदी अर्जापेक्षा दहा टक्के कमी आहे. मालकी हस्तांतराच्या नोंदीला कागदावर १०,००० रुपये लागतात, ऑनलाइन ९,०००. पोचपावती लगेच मिळते. अर्ज दाखल करण्यापुरते पाचपैकी चार गुण.

खरी अडचण अशी की एका फॉर्ममध्ये अनेक विनंत्या कोंबल्या आहेत आणि त्यातली नेमकी कुठली निवडायची हे अर्जदारानेच ओळखायचं. म्हणून लॉगिन करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढावं: मालकाचं नाव बदललं, की मालकच बदलला?

नाव बदलणं म्हणजे कायदेशीर व्यक्ती तीच. कंपनीने नवं नाव घेतलं किंवा प्रायव्हेटची पब्लिक लिमिटेड झाली, तर ही ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५८ ची दुरुस्ती. आरओसीचं नाव-बदलाचं प्रमाणपत्र आणि एजंटमार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र, एवढ्यावर काम होतं. नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच अक्षरन् अक्षर टाकावं, ‘प्रा. लि.’ असा आखूड मार्ग नको. नाव दोनदा बदललं असेल तर दोन्ही प्रमाणपत्रं लावून क्रम दाखवावा. मधली कडी गाळली की शंका निघणारच.

मालक बदलणं वेगळं. मालकाच्या स्वतःच्या नावावरचं चिन्ह त्याच्याच नव्या प्रायव्हेट लिमिटेडकडे गेलं, तर घरच्यांना तो ‘फक्त नावातला बदल’ वाटतो. कायद्याला ती दोन वेगळी माणसं. इथे हस्तांतराचा करार हवा, त्यावर त्या राज्याचं मुद्रांक शुल्क हवं आणि अर्ज कलम ४५ खाली हवा. विलीनीकरण असेल तर कराराच्या जागी एनसीएलटीचा, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आदेश. अशा प्रकरणात कलम ५८ ची विनंती केली की अर्ज अडकतो, आणि भरलेलं शुल्क गेलं असंच धरून चालावं.

करारात गुडविलचा, म्हणजे धंद्याने कमावलेल्या नावलौकिकाचा उल्लेख आहे का, हे सही करण्याआधी पाहावं. वापरात असलेलं चिन्ह गुडविलशिवाय दिलं असेल तर कलम ४२ लागू होतं: करारापासून सहा महिन्यांत जाहिरातीबाबत रजिस्ट्रारचे निर्देश मागावे लागतात, मुदतवाढ फार तर तीन महिने. ही तारीख उलटली की हस्तांतरच लंगडं पडतं. नेटवरून उतरवलेल्या मसुद्यांत ही ओळ हमखास निसटते.

पत्त्याचं प्रकरण दिसतं किरकोळ, पण नुकसान तिथेच जास्त होतं. नोंदवहीत दोन पत्ते असतात: धंद्याचं मुख्य ठिकाण आणि पत्रव्यवहाराचा, म्हणजे बजावणीचा पत्ता. लोक पहिला बदलून निवांत होतात. दुसऱ्या जागी दहा वर्षांपूर्वीच्या एजंटचा ईमेल तसाच राहतो. नियम १८ प्रमाणे ईमेल पाठवल्या क्षणी नोटीस बजावली गेली असं मानतात. कुणी उघडली की नाही, हा प्रश्नच नाही. चिन्ह रद्द करण्याचा अर्ज कुणी केला तर प्रतिनिवेदनाला, म्हणजे लेखी उत्तराला, दोन महिने मिळतात, आणि ते त्या जुन्या इनबॉक्समध्येच संपू शकतात. एजंट बदलला असेल तर नवं मुखत्यारपत्र आणि बजावणीचा पत्ता दोन्ही एकाच फेरीत उरकावेत. कार्यालय पुण्याहून बंगळूरला नेलं म्हणून फाइल बंगळूर ज्याच्या कक्षेत येतं त्या चेन्नई कार्यालयात जात नाही, हेही लक्षात असू द्या. नियमांप्रमाणे ती मुंबईच्याच कक्षेत राहते.

लोगो नवा केला असेल तर टीएम-पीकडून फार आशा ठेवू नये. कलम ५९ चिन्हाची ओळख बदलणार नाही इतकाच फेरफार करू देतं. नव्या रूपाच्या लोगोला नवा अर्जच बरा.

पाठपुराव्याला पाचपैकी दोन. स्टेटसच्या पानावर ‘पीआर डिटेल्स’ या बटणाखाली विनंती दिसते, पण ती कुणाच्या टेबलावर आहे हे कळत नाही. दर पंधरा दिवसांनी स्वतः पान उघडून पाहावं, फक्त ईमेलवर विसंबू नये. नूतनीकरण जवळ आलं असेल तर टीएम-पी मंजूर व्हायची वाट पाहत बसू नका. मुदत त्यासाठी थांबत नाही, आणि ती उलटल्यावर सहा महिने अधिभारासह मिळतात.

नोंद झाली की बरेच जण नव्या प्रमाणपत्राची वाट पाहतात. ते आपोआप येत नाही. जुनं प्रमाणपत्र जुन्याच नावाचं राहतं, बदल नोंदवहीत उतरतो. बँकेला किंवा कोर्टाला कागद हवा असेल तर प्रमाणित प्रत वेगळी मागवावी.